कल्चरमध्ये काही नाही, मग घाई का?

प्रश्न : डॉक्टर, मी ५३ वर्षांची, सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या वर्षभरात मला तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. तिन्ही वेळा गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. आता जळजळ नाही, ताप नाही, पण घाई मात्र गेलेली नाही. दिवसातून तेरा-चौदा वेळा जाते, आणि होते थोडीशीच. चौथीचा वर्ग मध्येच सोडावा लागतो, पोरं आपसात हसतात. शाळेच्या बाथरूमची किल्ली शिपाईमामांकडे असते, ती सारखी मागायची लाज वाटते म्हणून शाळेत पाणी पिणंच सोडलं आहे. एसटीचा पाऊण तास जीव मुठीत धरून जातो. रात्री मात्र एकदाच उठते, कधी तेही नाही. दोनदा लघवीचं कल्चर केलं, म्हणजे तीत जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, 'नो ग्रोथ' आलं. सोनोग्राफी आणि शुगर नॉर्मल. एका डॉक्टरांनी तरीही परत अँटिबायोटिक दिलं, दुसरे म्हणाले टेन्शन घेऊ नका. आमचे हे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. सासूबाई म्हणतात उष्णता झाली, आणि रोज रात्री नऊला सब्जा देतात.

साध्या तपासणीत 'एपिथेलियल सेल्स ८–१०' असं आलंय. माझा भाचा फार्मसीला आहे. तो म्हणाला, पिशवीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना एपिथेलियल म्हणतात, आणि पिशवी भरल्याचं कळवणाऱ्या काही खास पेशीही त्या भिंतीत असतात. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. माझ्या पेशी गळून चालल्यात का? त्या परत येतात का? पिशवी लहान झाली का?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे : 'रात्री मात्र एकदाच उठते.' तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी त्या ८–१० चा निकाल लावू, म्हणजे निदान तो किडा तरी बाहेर पडेल.

लॅबमधला माणूस लघवीचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि एका वेळी जेवढं दिसतं तेवढ्यात किती पेशी आहेत ते मोजतो. बायकांच्या रिपोर्टमध्ये ज्या एपिथेलियल पेशी दिसतात त्या बहुतेक वेळा चपट्या, मोठ्या, बाहेरच्या बाजूच्या असतात. लघवीच्या वाटेचं शेवटचं टोक आणि आजूबाजूची योनीमार्गाची त्वचा, तिथून त्या नमुन्यात उतरतात. या आकड्यावरून पिशवीचं काही कळत नाही, नमुना कसा धरला तेवढं कळतं. पुढच्या वेळी स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार बाटलीत धरा, आकडा खाली येईल. भाच्यानं सांगितलेला शब्दार्थ बरोबर आहे, फक्त त्या पेशी कुठल्या हे त्यानं विचारलं नाही.

आणि 'पिशवी' म्हणताना जरा जपून. आपल्याकडे 'तिची पिशवी काढली' म्हणजे गर्भाशय काढलं. माझ्याकडे पिशवीची तक्रार घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठली पिशवी, बाळाची की लघवीची? तुम्ही लघवीच्या पिशवीबद्दल लिहिलंय हे तुमच्या तक्रारीवरून धरून चालते.

पण खरं सांगू का, लघवीसाठीही हा शब्द मला तोकडाच वाटतो. पिशवी कशी, आपण भरू तशी भरते. तिला काही कळत नाही. या अवयवाला कळतं. आपल्या भिंतीवर किती ताण आहे, आत काय साठलंय, भिंतीला कुठे इजा झालीय, हे त्याला सतत जाणवत असतं, आणि ते जाणवण्याचं बरंचसं काम आतलं अस्तर करतं. मी शिकत होते तेव्हा या अस्तराला 'ट्रान्झिशनल' म्हणायचे, जणू धड इकडचं ना धड तिकडचं. आता युरोथेलियम म्हणतात. पहिल्या वर्षाला काचेवरचा त्याचा काप दाखवून ओळखायला लावत. आमच्या बॅचची युक्ती सोपी होती : गुलाबी पट्टीच्या अगदी वरच्या कडेला फुगीर, रुंद पेशी शोधायच्या, आणि त्यांपैकी एखादीत दोन जांभळे ठिपके दिसले की उत्तर लिहून मोकळं व्हायचं. त्या दोन-दोन केंद्रकांच्या पेशी म्हणजे अम्ब्रेला सेल, छत्री पेशी. एकेक छत्री खालच्या कितीतरी लहान पेशींवर पसरलेली असते. त्या पेशी काय काय करतात ते मला परीक्षेनंतर पुष्कळ वर्षांनी नीट समजलं.

पहिलं काम रोखण्याचं. लघवीत युरिया असतो, पोटॅशियम असतं, आम्ल असतं. मूत्रपिंडांनी मेहनतीनं गाळून टाकलेला हा माल तासन्‌तास पिशवीत पडून राहतो आणि तरी रक्तात परत मुरत नाही. छत्री पेशींच्या वरच्या अंगावर युरोप्लॅकिन नावाच्या प्रथिनांचे कडक तुकडे कौलांसारखे शेजारी शेजारी बसवलेले असतात, आणि एका पेशीची कड दुसरीला घट्ट शिवलेली असते. पाऊस कितीही पडला तरी घरात थेंब नाही, असा बंदोबस्त.

दुसरं काम मला जास्त आवडतं. जवळजवळ रिकामी असलेली पिशवी चारशे-पाचशे मिलीलिटरपर्यंत भरते. कौलं तर कडक, मग छप्पर मोठं कसं होतं? वाढत्या मुलीचा परकर शिवताना आई खालच्या बाजूला एक दुमड घालून ठेवायची आणि पोर उंच झाली की ती उसवून घेर खाली सोडायची, आठवतं? छत्री पेशीच्या पोटात अशाच तयार आवरणाच्या चपट्या, छोट्या थैल्या साठवलेल्या असतात. पिशवी भरू लागली की त्या वर येऊन पृष्ठभागात मिसळतात आणि पेशीचं छप्पर वाढतं. लघवी झाली की जास्तीचं आवरण पेशी पुन्हा आत ओढून घेते. परकराची दुमड आई वर्षातून एकदा उसवायची, इथे ते दिवसातून सहा-सात वेळा चालतं, आणि शिवण कुठे दिसत नाही.

तिसरं काम बोलण्याचं, आणि तुमचं दुखणं इथलं आहे. अस्तर ताणलं गेलं की त्याच्या पेशी एटीपी नावाचा पदार्थ बाहेर सोडतात. हा तोच एटीपी, जो शाळेत आपण 'पेशीचं इंधन' म्हणून पाठ केला. इथे तो निरोप म्हणून वापरला जातो. सशाच्या मूत्राशयाच्या अस्तरावर हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. अस्तराच्या लगेच खाली नसांची बारीक टोकं असतात, त्यांना हा निरोप पोचतो, त्या तो मणक्यातल्या मज्जारज्जूला देतात आणि तिथून मेंदूला. ताण ओळखणारं एक कुलूपवजा प्रथिन पेशीच्या आवरणात बसवलेलं असतं, त्याचं नाव पिएझो-२. ते छत्री पेशींतही आहे आणि नसांतही. काही मोजक्या लोकांत त्याचं जनुक जन्मतःच निकामी असतं. २०२० मध्ये त्यांच्याबद्दल छापून आलं तेव्हा कळलं की त्यांच्यातल्या अनेकांना पिशवी भरल्याची जाणीव धड होतच नाही, काही जण घड्याळ बघून लघवीला जातात. पिएझो शोधणारे आर्डेम पटापुटियन यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. सोबतचे मानकरी डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीचा तिखटपणा नसांना कुठे कळतो ते शोधून काढलं होतं, आणि ती मिरची ओळखणारी जागा पिशवीच्या नसांवरही असते. वडापावासोबत तळलेल्या दोन मिरच्या खाल्ल्यावर 'तिथे'ही चुरचुरतं असं काही जणी सांगतात, त्यांना मी आता हसत नाही.

भाच्यानं ज्या 'खास पेशी' म्हटल्या त्या कदाचित अस्तराच्या खालच्या थरातल्या असतील. तारेसारखे लांब हात असलेल्या या पेशी एकमेकींना आणि नसांना खेटून असतात. आतड्यात अशाच दिसणाऱ्या पेशी ठेका धरतात आणि त्या ठेक्यावर आतडं हलतं. आतड्यातल्या त्या पेशींना काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञांचं नाव आहे, १९०६ चे नोबेलविजेते. मूत्राशयातल्या पेशीही तसाच ठेका धरतात का, यावर अजून वाद चालू आहे. त्यांच्या नावावर कुणी तुम्हाला टॉनिक विकायला आलं तर घेऊ नका.

आता तुमची तीन इन्फेक्शनं. बायकांमध्ये बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा जिवाणू असतो. त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि तंतूच्या टोकाला चिकटायची सोय. तो नेमका त्या कौलांना, म्हणजे युरोप्लॅकिनलाच चिकटतो, आणि छत्री पेशीच्या आत शिरून वस्ती करतो. मग पेशी शेवटचा उपाय करते : बुडाशी सुटते आणि पोटातल्या जिवाणूंसकट लघवीतून वाहून जाते. तेव्हा 'पेशी गळतात का' याचं उत्तर असं की हो, इन्फेक्शनच्या दिवसांत गळल्या असणार. ते शरीराचं संरक्षण होतं. एरवी या पेशी फार सावकाश बदलतात, महिनोन्‌महिने टिकतात. पण वरची कौलं उडाली की खालचा थर चपळ होतो. उंदरांमध्ये काही दिवसांत पृष्ठभाग पुन्हा झाकला जातो, पेशी पुरत्या तयार व्हायला आणखी काही आठवडे लागतात. पेशी परत येतात, ताई.

मग घाई का राहिली? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वर्षात तीनदा सुजलेल्या भिंतीतल्या नसा हळव्या होतात. पूर्वी दीडशे-दोनशे मिलीलिटर झाल्यावर 'भरतेय हं' एवढंच हळूच सांगायच्या, त्या आता ऐंशीलाच ओरडतात. त्यात तुम्ही घाईचं ऐकून लगेच जाता, 'असू दे, नंतर मिळेल न मिळेल' म्हणून जाता, आणि मेंदूला लवकरच्या हाकेची सवय होते. किल्लीचंही तेच. शिपाईमामांच्या हातातली किल्ली दिसली, दाराशी पोचलात, कुलूप उघडेना, की कळ दुप्पट होते ना? हे जगभर बायका-पुरुष सांगतात. आता यजमानांना एवढं सांगा : मेंदू यात सामील आहे, पण तो पिशवीकडून आलेल्या खऱ्याच निरोपावर वागतो आहे. 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देण्यासारखं यात काही नाही. शिवाय पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, त्या भागातली त्वचा पातळ होते, चांगले जिवाणू घटतात आणि इन्फेक्शनं वाढतात. तुमचं वय त्यातच बसतं.

आणि आता ती रात्रीची ओळ. पिशवी खरंच आक्रसली असती तर ती रात्री मोठी कशी झाली? एकदा उठून तुम्ही सकाळपर्यंत झोपता, म्हणजे जागा आहे. पण माझ्या शब्दावर विसंबू नका, मोजा. स्वयंपाकातून बाद झालेला, आकडे असलेला प्लॅस्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवा, त्यावर मार्करनं फुली मारा म्हणजे कुणी त्यात ताक घुसळणार नाही. तीन दिवस, त्यातला एक तरी सुट्टीचा, वहीत तीन रकाने आखा : किती वाजता, किती मिली, काय प्यायले. शाळेत मग नेणं जमणार नाही, तिथे नुसती वेळ लिहा. सकाळची पहिली लघवी तीनशेच्या वर भरली तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच अक्षरात वहीत असेल. दिवसाची बेरीज मात्र तीन लिटरच्या पुढे जात असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, ती वेगळी गोष्ट आहे.

वही झाली की सराव. समजा, लघवीच्या दोन खेपांमधलं तुमचं अंतर सध्या पाऊण तासाचं आहे. आठवडाभर ते पाळा, घाई असो नसो. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं वाढवा, मग आणखी पंधरा. अडीच-तीन तासांपर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागतील. मधेच कळ आली तर पळू नका, पळालं की ती वाढते. जागच्या जागी थांबा, शक्य असेल तर बसा, आणि वारा सरू नये म्हणून जसं आवळून धरतो तसं पाच-सहा वेळा झटझट आवळा-सोडा. त्यानं पिशवीच्या स्नायूला थांबायचा निरोप जातो. डोकं दुसरीकडे लावायला एकोणतीसचा पाढा म्हणा. तुम्ही शिक्षिका आहात, सतराचा फार सोपा पडेल. कळ लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. ओसरल्यावर, चालत, जा. हा सराव वर्ग चालू असताना सुरू करू नका, रविवारी घरी करा.

पाणी बंद करणं हा तुमच्या पत्रातला एकच भाग आहे ज्यासाठी मी रागावणार आहे. कमी पाण्यानं लघवी दाट होते, दाट लघवी हळव्या अस्तराला झोंबते, आणि जिवाणूंना वाहून न्यायला धारही राहत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर, उन्हाळ्यात थोडं जास्त, घोट घोट. चहाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण शिक्षकांची खोली मला माहीत आहे. दोन कपांवर थांबा. बद्धकोष्ठ असेल तर तेही आधी सोडवा, भरलेलं आतडं पिशवीला शेजारून ढोसत राहतं. किल्लीबद्दल मुख्याध्यापकांशी बोला आणि एक जास्तीची किल्ली शिक्षिकांच्या कपाटात ठेवून घ्या. मुंबईत बायकांनी स्वच्छ, मोफत मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालवली, महापालिकेशी भांडल्या. तुम्हाला एका किल्लीसाठी लाजायचं कारण नाही.

कल्चर कोरं असताना आणि जळजळ नसताना अँटिबायोटिक नको. हळवी नस त्यानं शांत होत नाही, उलट योनीमार्गातले चांगले जिवाणू मरतात आणि पुढच्या इन्फेक्शनला वाट मोकळी होते. पुन्हा उन्हाळी लागली, जळजळ झाली, तर गोळी घेण्याआधी कल्चरला द्या. स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. पाळी गेलेल्या बायकांत वारंवार होणारी इन्फेक्शनं त्यानं कमी होतात. स्तनाचा कर्करोग कधी झाला असेल तर तो आधी सांगायचा. सोनोग्राफी करताना लघवी करून आल्यावर मागे किती उरते ते मोजलं होतं का, रिपोर्ट काढून बघा. मोजलं नसेल तर ते मोजून घ्या. तीन महिन्यांच्या सरावानंतरही आराम नसेल तर यूरॉलॉजिस्टकडे जा. पिशवीचा स्नायू सैल करणारी औषधं आहेत. जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि शौचाला घट्ट होतं, मिराबेग्रॉनसारख्या नव्या गोळीनं तो त्रास कमी, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. पिशवी भरताना पोटात दुखत असेल आणि लघवी झाली की दुखणं थांबत असेल, तर ते मात्र आवर्जून सांगा, त्याचा तपास वेगळ्या दिशेनं करतात.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, अजिबात दुखलं नाही, तरी थांबायचं नाही. याच अस्तराच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते, आणि तंबाखू हे त्याचं मोठं कारण आहे. मिश्रीही तंबाखूचीच असते. तुम्ही किंवा सासूबाई सकाळी मिश्री लावत असाल तर ती आजपासून बंद. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, लघवी तुंबणं, पायात बळ नसणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सब्जाला माझी हरकत नाही. पण रात्री नऊला भांडंभर पाणी पिऊन तुम्ही एकदाच उठता, हे वहीत लिहिताना लक्षात ठेवा. तोच सब्जा संध्याकाळी पाचला द्यायला सांगा, आणि मग रात्री उठावं लागतं का ते चौथ्या रकान्यात लिहा.